चाळीस शब्दांची खुर्ची

“थोर चित्र कधी बोलत नाही, ते आपल्याला गप्प करतं,” असं संग्रहालयाचे साहेब म्हणाले, आणि त्यानंतर पंचवीस मिनिटं बोलत राहिले.

तेवढ्या वेळात चहाचा दुसरा कप झाला. घरातल्या थोरल्या मुलाने, वकिलांनी, घड्याळ तीनदा पाहिलं. त्यांच्या पत्नीने, म्हणजे घरातल्या वहिनींनी, साहेबांची सात वाक्यं वहीत उतरवून घेतली. आईने आपला चष्मा कपाटावर, उशीखाली आणि फ्रीजमध्ये शोधला. फ्रीजमध्ये तो यापूर्वी दोनदा सापडला होता, त्यामुळे कुणी हसलं नाही.

खालच्या दुकानातून खिळ्या वर आला आणि जिन्यापाशीच उभा राहिला. खिळ्या म्हणजे धाकटा. खुर्च्या-सोफ्यांचं कुशनकाम करणारा माणूस एका हाताने कापड ताणतो, दुसऱ्या हाताने हातोडी मारतो, आणि तिसरा हात देवाने दिलेला नसल्यामुळे बारीक खिळे ओठांत धरतो. बाबांची ही सवय दुकानाबरोबर याच्याकडे आली होती. त्यामुळे त्याला खिळ्या हे नाव पडलं, आणि त्यामुळेच त्याचं मत सहसा कुणाला कळत नसे. तोंडातले खिळे काढून तो बोलला असं गेल्या दहा वर्षांत तीनदाच घडलं होतं. त्यातलं एक त्याच्या स्वतःच्या लग्नात.

चित्र टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. तीस वर्षं ते कपाटाच्या वर, छताच्या जरा खाली लटकत होतं आणि त्याच्या काचेवर धुळीचा असा जाड थर बसला होता की खाली बसलेल्याला फक्त काहीतरी हिरवं दिसे. आज सकाळी थोरलीने, म्हणजे दोघा भावांच्या ताईने, ते उतरवलं आणि कापूस-स्पिरिट घेऊन स्वच्छ केलं. इस्पितळात ती मुख्य परिचारिका. काचही तिने जखम पुसावी तशी, मधून बाहेर, एकदा वापरलेला बोळा पुन्हा न वापरता पुसली.

धुळीखालून निघाली एक खुर्ची. बाबांनी खोक्याच्या फळीवर रंगवलेली, लाकडी हातांची, हिरव्या कापडाची. पाठीच्या आणि बैठकीच्या कडेने पिवळे ठिपके. डावीकडे एक उभा तपकिरी पट्टा. खुर्चीवर कुणी नाही.

“कुणी नाही!” साहेब पुन्हा म्हणाले. हे वाक्य त्यांचं सर्वांत आवडतं होतं. “लक्षात घ्या, कुणी नाही!”

संग्रहालयात कारागिरांच्या चित्रांचं एक नवं दालन उघडणार होतं. उद्या सकाळी गाडी येऊन चित्र घेऊन जाणार. चित्राखाली चाळीस शब्दांची पाटी लागणार, आणि त्या मजकुरावर आई आणि तिन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या. चार सह्या, चाळीस शब्द. वकिलांच्या हिशेबी हे काम दहा मिनिटांचं होतं. पण वकिलांच्या हिशेबी त्यांच्या सगळ्याच तारखा दहा मिनिटांच्या असतात.

साहेबांनी खिशातून कागद काढून वाचला. “‘रिकामी खुर्ची. आधुनिक माणसाच्या अनुपस्थितीचं मूक रूपक. कडेचे पिवळे ठिपके म्हणजे दूरच्या ताऱ्यांची आकाशगंगा. डावीकडचा तपकिरी पट्टा ही अस्तित्व आणि शून्य यांमधली सीमारेषा.’ अजून सतरा शब्द शिल्लक आहेत. त्यात मृत्यू आणायचा विचार आहे.”

“आणा की,” वकील म्हणाले. “पण त्यात कुटुंबप्रमुख हा शब्द यायला हवा. ही उघडउघड कुटुंबप्रमुखाची खुर्ची आहे. बाबांची जागा. बाबांच्या पश्चात ती रिकामी राहणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.”

“रिकामी राहणार, की थोरल्या मुलाकडे जाणार?” वहिनींनी वहीतून मान वर न करता विचारलं.

“मी तसं म्हटलेलं नाही. तसं कुणी समजलं, तर माझी हरकत नाही.”

“अहो, पुरुषांना रिकामी खुर्ची दिसली की पहिल्यांदा तिथे आपण बसलेलोच दिसतो. ताई, तुम्हीच सांगा, ही बाईची खुर्ची नाही का? ह्या घरातली बाई आयुष्यात कधी खुर्चीत बसलीच नाही. बाबांना शेवटी ते उमगलं आणि त्यांनी रंगवलं. आई, तुम्ही कधी बसलात का हो सुखाने?”

“बसते की,” आई सोफ्याखाली वाकून बघत म्हणाली. “रोज दुपारी.”

“ते बसणं नव्हे आई.”

“मग काय, दुपारी मी उभी असते?”

वहिनींनी ‘स्त्री स्वतःचं दुःख नाकारते’ असं वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

थोरलीने यातलं काही धड ऐकलं नाही. हातातला स्पिरिटचा बोळा तिने अजून टाकला नव्हता. ही खुर्ची कुणाची, हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं.

एकविसाव्या वर्षी ती परिचारिकेचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या गावी निघाली, तेव्हा बाबा दुकानाच्या दारात उभे राहून म्हणाले होते, “गेलीस तर ही पायरी विसरायची.” बाबांचा स्वभाव असा, की एकदा ठोकलेला खिळा वाकडा गेला तरी उपटायचा नाही, शेजारी दुसरा ठोकायचा. ती गेली. अकरा वर्षं दोघंही पायरी विसरली. आई चोरून पत्रं लिहायची. मग बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, तिला कळलं, आणि ती रजा टाकून आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “जेवलीस का?” एवढंच. माफी नाही, राग नाही, अकरा वर्षांचा उल्लेख नाही. तिने मान वर केली ती डोळ्यांतलं पाणी आत जावं म्हणून, आणि कपाटाच्या वर तिला पूर्वी कधी न पाहिलेलं एक चित्र दिसलं. रिकामी खुर्ची.

त्या दिवसापासून ती खुर्ची तिची होती. बाबांनी तोंडाने जे सांगितलं नाही ते फळीवर सांगितलं होतं, की तुझी जागा ठेवली आहे. तिने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. बाबांना तर नाहीच. बाबांना विचारलं असतं तर ते ‘हो’ म्हणाले नसते, आणि ‘नाही’ म्हणाले असते तर काय करायचं, हा प्रश्न होता. मग सहा वर्षांपूर्वी बाबाच गेले आणि प्रश्नही गेला. दरवेळी माहेरी आली की चप्पल काढता काढता ती एकदा वर बघायची, तेवढं तिला पुरायचं.

आता त्या खुर्चीवर आधुनिक माणूस, कुटुंबप्रमुख आणि समस्त स्त्रीजात एकाच वेळी बसायला निघाली होती आणि मृत्यू दाराशी थांबला होता.

“मला ह्यातलं काहीच पटत नाही,” ती म्हणाली. “मी सही करणार नाही.”

“मग तुझं म्हणणं काय ताई?” वकिलांनी विचारलं. “कोर्टात नुसती हरकत चालत नाही, कारण द्यावं लागतं.”

“हे कोर्ट नाही.”

“म्हणून तर मी इतका वेळ फुकट बसलोय.”

 कारण थोरलीपाशी होतं, पण ते बोलून दाखवायचं म्हणजे एकोणीस वर्षं जपून ठेवलेली वस्तू टेबलावर मांडून ‘बघा, खरी आहे का’ असं विचारण्यासारखं होतं.

इकडे खिळ्या हळूहळू चित्राजवळ सरकला होता. आधी त्याला चित्रात रस नव्हता. साहेब सारखे ‘तारे, तारे’ म्हणत होते म्हणून तारे बघायला तो आला. त्याने वाकून ठिपके पाहिले. बोटाने मोजले. थोडं मागे सरला, पुन्हा मोजले. मग त्याने तळहात ओठांखाली धरला आणि एकेक करून सात खिळे काढून त्यावर ठेवले.

घर गप्प झालं. थोर चित्राला जे पंचवीस मिनिटांत जमलं नव्हतं, ते सात खिळ्यांनी केलं.

“हे तारे नाहीत,” खिळ्या म्हणाला. “हे खिळे आहेत. आणि हे चित्र नाही. ही कामाची फळी आहे.”

“म्हणजे?” साहेब.

“म्हणजे, जुनी खुर्ची दुरुस्तीला आली की कापड उचकटायच्या आधी बाबा ती फळीवर काढून ठेवायचे. खिळा कुठे, दोन खिळ्यांत अंतर किती, कापडाची मोड कुठे. खुर्ची एकदा सोडली की काथ्या, स्प्रिंगा, पट्टे यांचा नुसता ढीग होतो साहेब, परत जोडताना कोण कुणाचा ते कळत नाही. तेव्हा दुकानात फोटो काढायची सोय नव्हती. बाबा पॉलिशच्या उरल्यासुरल्या रंगात फळी काढायचे, काम झालं की खरवडून टाकायचे. लहानपणी मीच खरवडायचो. एवढी एक खरवडायची राहिली, बाकी काही नाही.” मग, इतकं बोलल्यावर थांबणं कठीण गेल्याने, त्याने जोडलं, “आणि तो शून्याचा पट्टा म्हणजे आपल्या दुकानाच्या दाराची चौकट आहे. कडी पण काढली आहे, बघा.”

साहेबांनी चष्मा कपाळावर नेला आणि वाकून पाहिलं. शून्याला कडी होती.

“अरे, मग तर पंचाईत झाली,” वकील म्हणाले. त्यांनी बार रूममध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमचे वडील चित्रकार होते. “साहेब, माझ्या भावाची साक्ष ग्राह्य धरू नये. तो हितसंबंधी आहे. सगळीकडे त्याला खिळेच दिसतात.”

“आणि तुम्हाला सगळीकडे खुर्ची,” वहिनी म्हणाल्या. पण त्याही हिरमुसल्या होत्या. दोन पानं भरली होती.

साहेब मात्र तयारीचे गृहस्थ होते. पुरात सगळं वाहून जातं आणि लाकडाचा ओंडका तरंगतो, तसे ते क्षणात वर आले. “पण हे तर आणखीच थोर!” ते म्हणाले. “कलावंताला आपण कलावंत आहोत हेच ठाऊक नव्हतं! मी पाटी बदलतो. ‘श्रमाचं मूक रूपक.’ बाकी शब्द तेच राहतील.”

खिळ्या विजयाने बहिणीकडे वळला. साहेबाची कशी जिरवली, हे तिला आवडेल अशी त्याची कल्पना होती. लहानपणापासून त्याचं प्रत्येक शौर्य ताईने पाहिलं तरच पूर्ण व्हायचं.

ताई हसत नव्हती. ती चित्राची काच पुसत होती. स्वच्छ झालेली काच, वापरलेल्या बोळ्याने.

ताई वापरलेला बोळा पुन्हा कधीच वापरत नाही, हे खिळ्याला ठाऊक होतं. त्याला आठवलं, ताई आली की चप्पल काढताना वर बघते. दरवेळी. त्याला वाटायचं, छताचा ओलावा बघते. एकदा त्याने तिच्यासाठी छताला रंगही काढला होता. ती हे चित्र बघायची, हे आत्ता कळलं. पायाखाली काय आलं ते चुरडल्यावरच कळावं, तसं.

आता बोललेलं परत तोंडात घेता येत नाही. खिळे घेता येतात; त्याने ते घेतले. मग पुन्हा काढले. दुरुस्तीवाल्या माणसाला एकच गोष्ट येते: चूक कुठे झाली ते बघायला तो परत कामाकडे जातो. खिळ्या चित्रापुढे उकिडवा बसला.

“ताई, बाजूला हो जरा. उजेड अडतोय.”

“बघितलंस ना आता? फळी आहे. झालं.” तिचा आवाज वॉर्डातला होता, सरळ, इस्त्री केलेला.

“हो, फळी आहे. पण…” त्याने पुन्हा ठिपके मोजले. डावीकडे नऊ. समोर अकरा. उजवीकडे… “दादा, इकडे ये. उजव्या बाजूला किती दिसतात?”

“मला चष्मा लागतो.”

“मलाही लागतो,” आई आतल्या खोलीतून म्हणाली. “पण आधी सापडायला हवा.”

“उजव्या बाजूला एकही नाही,” वहिनींनी वाकून सांगितलं. “उजवी बाजू दिसतच नाही. खुर्ची वळलेली आहे.”

“तेच!” खिळ्या इतक्या जोरात उठला की साहेबांनी कप सावरला. “ही फळी कामाची नाही! म्हणजे, कामाची फळी आहे, पण काहीएक कामाची नाही. बाबा खुर्ची नेहमी समोरून काढायचे. सरळ, दोन्ही बाजू दिसतील अशी. नाहीतर परत ठोकणार कशी? ही तिरकी आहे. उजवीकडचे खिळेच नाहीत. अशा फळीवरून कुणी खुर्ची जोडली तर ती पहिल्या दिवशी मोडेल. बाबांसारखा माणूस अशी चूक करणार नाही. दोरा कापताना ते चिमूटभर जास्त कापायचे नाहीत, आणि इथे एवढा रंग घालून दार कशाला काढलं? कडीसकट? दाराला कुशन करायचं होतं?”

 थोरलीच्या हातातला बोळा थांबला.

“खुर्ची दाराकडे तोंड करून आहे,” ती म्हणाली.

“ऑब्जेक्…” वकिलांनी सुरुवात केली, बहिणीचा चेहरा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हरकत मागे घेतली. “नाही. काही नाही. बरोबर आहे. पुरावा स्पष्ट आहे. साहेब, लिहून घ्या.”

“आईंना विचारा ना,” वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांनी वही मिटली होती. “त्या तेव्हा होत्या.”

आई दारात उभी होती, पदराला हात पुसत. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“आई, ही खुर्ची कुणाची?” वकिलांनी विचारलं.

“कुणाची म्हणजे? गिऱ्हाइकाची. आली दुरुस्तीला, आणि ते गिऱ्हाईक गाव सोडून गेलं. वर्षभर वाट बघितली, मग ह्यांनी वर आणून ठेवली. ही काय, साहेब बसलेत तीच. कापड दोनदा बदललंय, पण हात तेच आहेत बघा.”

सगळ्यांनी पाहिलं. लाकडी हातांची टोकं चित्रातल्यासारखीच, आत वळलेली. अनुपस्थितीवर तासभर बोलणारे साहेब तासभर तिच्यावरच बसले होते.

दुसरा कुणी ओशाळून उठला असता. साहेब भारावले. त्यांनी दोन्ही हातांवरून तळवे फिरवले, डोळे मिटले आणि आणखी खोल बसले. खालून बारीकसा कर्रर्र असा आवाज आला.

“जुन्या स्प्रिंगा,” वकील म्हणाले.

“माझ्या स्प्रिंगा वाजत नाहीत,” खिळ्या दुखावून म्हणाला.

“आई,” थोरलीने विचारलं. एकोणीस वर्षं न विचारलेला प्रश्न तिने दुसऱ्या टोकाकडून धरला, कारण तेच टोक आता हाताशी आलं होतं. “बाबांनी ती दाराकडे का फिरवली?”

आईने थोडा विचार केला. विचार करताना ती कपाळावर हात ठेवायची. तिथे चष्मा नाही याची तिने पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

“मी विचारलं होतं एकदा. नुसतीच हसले मी, म्हटलं, अहो, काम सोडून हे काय काढताय? आणि सरळ ठेवलेली खुर्ची वाकडी का केलीत? तर म्हणाले, कुणी आलंच दारातून, तर पहिली पाठ कशाला दिसायला हवी.”

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

“कुणी म्हणजे कोण?” वकिलांनी विचारलं. प्रश्न तोंडातून निघाल्यावर बायकोने त्यांना चिमटा काढला.

“ते नाही विचारलं. दूध उतू जात होतं.”

थोरली हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग खांदे हलायला लागले, आणि हसता हसता तिने त्याच बोळ्याने डोळे पुसले. त्यावर स्पिरिट होतं. मग मात्र डोळ्यांतून पाणी धो धो वाहू लागलं आणि त्याचं कारण कुणाला विचारावं लागलं नाही. खिळ्या पाणी आणायला धावला, वकिलांनी स्वतःचा इस्त्रीचा रुमाल दिला आणि तो परत मागितला नाही.

“एवढी वर्षं रुग्णांना सांगते, डोळ्याला काही लावू नका,” ती म्हणाली. डोळे लाल, चेहरा एकवीस वर्षांचा. “साहेब, आता लिहा. मी सांगते.”

साहेबांनी पेन उघडलं.

“‘खुर्ची. दाराकडे तोंड करून.’”

साहेब वाट बघत राहिले. “पुढे?”

“झालं.”

“चारच शब्द झाले ताई. छत्तीस शिल्लक आहेत. रूपक तरी?”

“बघणारे आपापलं आणतील,” वहिनी म्हणाल्या. “मी दोन पानं आणली होती.”

वकिलांनी कागद ओढून पहिली सही केली. खिळ्याने तोंडात खिळे ठेवून दुसरी केली. थोरलीने तिसरी केली, नाव लिहिण्याआधी जरा थांबून, माहेरचं आडनाव लावून. चौथीसाठी कागद आईपुढे आला.

आईने कागद लांब धरला, जवळ धरला, उजेडाकडे नेला. मग तिने साहेबांकडे पाहिलं. ते पुन्हा डोळे मिटून खुर्चीचे हात कुरवाळत होते.

“साहेब,” ती अजिजीने म्हणाली, “जरासे उठता का? दुपारी मी तिथेच बसले होते. माझा चष्मा बहुतेक तुमच्याखाली आहे.”